ठिपके आणि गिऱ्हाईक

मॉल म्हणजे तुरुंग हे विधान आता इतकं गुळगुळीत झालंय की कुणी त्यावर कलाकृती बेतली आहे असं कानावर आलं की मी जरा सावधच होतो. हारून फारोकीच्या 'मला वाटलं, मी कैदी पाहतेय' (२०००) या व्हिडिओबद्दल लिहिणारेही बरेचदा तिथेच येऊन थांबतात. (फारोकी जर्मन, पण वडील भारतीय डॉक्टर, आडनाव आपल्याला ओळखीचं वाटतं ते त्यामुळे.) शीर्षक रोसेलिनीच्या 'युरोपा ५१'मधून आलंय. कारखान्यातले कामगार पाहून इन्ग्रिड बर्गमनच्या तोंडी हे वाक्य येतं.

पडद्यावर दोन चित्रं जोडीने चालतात. त्यातलं एक कॅलिफोर्नियातल्या कॉर्कोरन तुरुंगाचं, पाळतीच्या कॅमेऱ्यातून टिपलेलं. काँक्रीटचं अंगण, कॅमेऱ्याला त्याचा पाचरीसारखा तुकडा दिसतो. दोन कैदी एकमेकांना भिडतात. बाकीचे लगेच पालथे पडतात, हात डोक्यावर. कुणी सांगावं लागत नाही. आवाज नाहीच. चौकटीतून पांढरा धूर तरंगत जातो तेव्हा लक्षात येतं की गोळी सुटली. कॅमेरा आणि बंदूक एकमेकांना खेटून आहेत, म्हणजे जे जे दिसतं ते सगळं टप्प्यात आहे. १९८९ साली इथे एक कैदी असाच मारला गेला. ते चित्रण यात आहे.

दुसरीकडे सुपरमार्केटसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर. दुकानाच्या नकाशावर गिऱ्हाईकं ठिपके होऊन फिरतात, त्यांच्या वाटांच्या रेषा उमटतात.

आता, या दोन्हींत साम्य आहे म्हणून फारोकी थांबला असता तर व्हिडिओ विसरण्याजोगा झाला असता. मला खिळवून ठेवतो तो फरक. कैद्याला आपल्यावर नजर आहे हे पक्कं ठाऊक आहे; त्याचं शरीर त्या नजरेला उत्तर देतं. ठिपक्याला काहीच ठाऊक नाही. तो वळतो, रेंगाळतो आणि स्वतःच्या मर्जीने फिरतोय असं समजतो. पुढच्याच वर्षीच्या 'खरेदीविश्वांचे निर्माते' या माहितीपटात तर गिऱ्हाईकाची नजर कुठे पडावी यावर तज्ज्ञ मंडळी गंभीरपणे खल करताना दिसतात. तेही बिचारे नोकरदारच.

आपल्याकडे या विषयाला 'चंगळवाद' हा तयार शब्द आहे. त्यात दोष आधीच ठरलेला असतो: खरेदीला आलेल्या गर्दीचा. लिहिणारा बहुधा त्या गर्दीत नसतो, किंवा असलाच तर पुस्तकं घ्यायला आलेला असतो! फारोकी गिऱ्हाईकाला एकदाही हसत नाही. त्याचा कॅमेरा वर, नकाशा बनवणाऱ्याच्या टेबलाकडे बघतो. गर्दी कशी वागते हा प्रश्न तो बदलतो. सुट्या माणसांची गर्दी कुणी केली, कुठे बसून, कशासाठी, हे विचारतो.

पण एक गोष्ट खटकतेच. ठिपक्याला हौस नसते. दिवाळीआधी चार दुकानं पालथी घालून, मुलीच्या मनासारखा फ्रॉक मिळाल्यावर चेहऱ्यावर जे उमटतं ते या व्हिडिओत कुठेच नाही. पाळत ठेवणाऱ्यांचीच चित्रं वापरायची म्हटल्यावर त्यांनी जे टिपलंच नाही ते आपल्यालाही दिसत नाही. याला पद्धतीची शिस्त म्हणता येईल. पण ती हौस वगळली की दुकानदार इतका खर्च करून नेमका कशाच्या मागे लागलाय हे कळायचं राहून जातं.