फळ्यासमोर कोण?

विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांना शिकवावे, ही कल्पना सध्या नवा शोध म्हणून मिरवली जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तिची शिफारस केली आहे. हे काम ऐच्छिक, आनंददायी आणि प्रशिक्षित शिक्षकाच्या देखरेखीखाली व्हावे, असे त्यात म्हटले आहे. शब्द निर्दोष आहेत. पण कोणतीही अध्यापनपद्धती तिच्या इतिहासावाचून तपासता येत नाही.

अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेत अँड्र्यू बेलने मोठ्या मुलांकडून लहानांना शिकविण्याची रीत बसविली. वाळूत अक्षरे गिरविण्याची रीत त्याने इथल्याच गावठी शाळेत पाहिली होती. १७९७ साली त्याचा अहवाल लंडनला छापला गेला. पुढे इंग्लंडातल्या गरिबांच्या शाळांत ही पद्धत पसरली, कारण एका मास्तरात शेकडो मुले भागत. तिच्या पोटात काटकसर होती. इकडच्या पंतोजींच्या शाळेत तर महारामांगांच्या मुलांना जागाच नव्हती.

दुसरा इतिहास आपला आहे. जोतीरावांकडून शिकलेल्या सावित्रीबाई १८४८ पासून शिकवू लागल्या. त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेने १८५५ साली ‘ज्ञानोदया’त महारामांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. शिकणारी सांगणारी झाली. तरीही १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी शेतकरी वर्गातले, प्रशिक्षित आणि किमान १२ रुपये पगाराचे शिक्षक मागितले. आपल्यातला शिक्षक म्हणजे फुकटचा शिक्षक, असे त्यांनी मानले नाही.

मुखेडात मी अर्थशास्त्र शिकवितो. ‘सौदाशक्ती’ची व्याख्या मुले पाठ करतात आणि विसरतात. ऊसतोड कामगाराच्या एका मुलाने ती ‘उचल’ या शब्दातून समजावली : हंगामाआधीच मुकादमाकडून पैसे घेतलेला कोयता भावासाठी अडून बसू शकत नाही. लगेच एका मुलीने विचारले, “मग उचल न घेणाऱ्या रोजंदाराला तरी भाव ठरविता येतो का?” तो थबकला. त्याला व्याख्या पुन्हा मुळापासून तपासावी लागली. सांगणाऱ्याचे शिकणे ते हेच. समोरच्याचा प्रश्न नसेल तर ती केवळ घोकंपट्टी, फक्त मोठ्या आवाजातली.

म्हणून माझा आक्षेप पद्धतीला नाही, निवडीला आहे. फळ्यासमोर नेहमी पहिल्या बाकावरचा, शुद्ध बोलणारा, घरात पुस्तके असलेला मुलगाच उभा राहतो. मागचा बाक ऐकतो. वर्गातही गावाचीच उतरंड उभी राहते आणि आपण तिला सहकार्य म्हणतो. खडू पाळीपाळीने प्रत्येकाच्या हाती गेला पाहिजे. अडखळणाऱ्याच्या हाती आधी. आणि प्रश्न विचारण्याचा हक्क सर्वांना हवा.

दुसरे असे की, शिक्षकाची रिकामी जागा विद्यार्थ्याने भरायची नसते. ती शासनाने भरायची असते. हे दोन्ही मान्य असेल तर या पद्धतीचे स्वागत आहे. नाहीतर बेलची काटकसरच नव्या नावाने आपल्या मुलांच्या वाट्याला येईल.