हॅराल्ड फ्रीस यांची एक ओळ

‘प्रोसिडिंग्ज ऑफ द आयआरई’च्या मे १९४६च्या अंकात बेल प्रयोगशाळेतल्या हॅराल्ड फ्रीस यांचं जेमतेम तीन पानांचं टिपण आहे. पाठवलेल्या शक्तीपैकी किती पलीकडे पोचते, एवढाच त्याचा विषय. उत्तर एका ओळीचं: दोन्ही अँटेनांची प्रभावी क्षेत्रफळं एकमेकांनी गुणा, अंतराच्या आणि तरंगलांबीच्या वर्गांनी भागा, मिळालेल्या आणि पाठवलेल्या शक्तीचं गुणोत्तर हाती येतं. एकही आकडा नाही.

हे साधेपण कमावलेलं आहे. सगळ्या दिशांना सारखी पसरणारी शक्ती गोलाच्या पृष्ठभागावर वाटली जाते, म्हणून छेदात ‘४ पाय’ येतो. पण अशा अँटेनाचं स्वतःचं प्रभावी क्षेत्रफळ तरंगलांबीचा वर्ग भागिले ‘४ पाय’ एवढं. खरी अँटेना याच्या जितक्या पट मोठी, तितक्या पट शक्ती ती नेमक्या दिशेला धाडते. गुणाकार केला की दोन्ही ‘४ पाय’ उडतात. इथे दाद निघतेच! उरलेल्या ओळीत प्रक्षेपक आणि ग्राहक यांची अदलाबदल करा, काही बदलत नाही.

पाठ्यपुस्तकांनी पुढे क्षेत्रफळाऐवजी गेन, म्हणजे नेमक्या दिशेला धाडलेल्या शक्तीची ही पट, घेतला. ‘४ पाय’ परतला, तरंगलांबी छेदातून अंशात गेली. गणित तेच, पण वारंवारता वाढली की मोकळं अवकाशच जास्त शक्ती गिळतं, असा समज विद्यार्थ्याच्या मनात बसतो. अवकाश काहीच गिळत नाही. गेन तोच ठेवायचा तर तरंगलांबीबरोबर तबकडी लहान करावी लागते, आणि लहान तबकडी कमी गोळा करते. तबकड्या तेवढ्याच ठेवून तरंगलांबी निम्मी केली, तर शक्ती चौपट मिळते. फ्रीस यांची मांडणी हे थेट दाखवते; मला तीच श्रेष्ठ वाटते.

१९७७ साली निघालेल्या व्हॉयेजर-१ या अंतराळयानाला ती लावून पाहावी. सुमारे २० वॅटचा प्रक्षेपक, ३.७ मीटरची तबकडी, साधारण साडेतीन सेंटिमीटरची तरंगलांबी, २४ अब्ज किलोमीटरांहून जास्त अंतर. कॅनबेराजवळच्या ७० मीटरच्या तबकडीत पडते ती एका वॅटच्या अब्जांशाच्या अब्जांशाहूनही कमी शक्ती.

सूत्राची मर्यादाही फ्रीस यांनी तिथेच नोंदवली आहे. पोचणारी लाट सपाट मानता यावी, यासाठी अंतर किमान मोठ्या अँटेनाच्या व्यासाच्या वर्गाची दुप्पट भागिले तरंगलांबी एवढं हवं. कॅनबेराच्या तबकडीसाठी ते भरतं जवळपास पावणेतीनशे किलोमीटर. व्हॉयेजरचा हिशेब चोख देणारी ही ओळ त्या तबकडीसमोरच्या टेकडीवरच्या प्रक्षेपकाला लागू होत नाही.