वंशावळीची भाषा आणि हक्काची भाषा

मराठीतील वंशावळी, करीने आणि बखरींतील कुलकथा यांचा विचार आजवर प्रामुख्याने एकाच प्रश्नाभोवती फिरत आला आहे : त्यांत सांगितलेले खरे की खोटे? वि. का. राजवाडे यांनी अस्सल कागद आणि बखर यांत जो कठोर भेद केला, त्याने मराठी इतिहाससंशोधनाला शिस्त लागली, हे निर्विवाद आहे. परंतु त्या भेदाचा एक अनिष्ट परिणामही झाला. चिकित्सकाने वंशावळीतील पहिल्या दहा-वीस पिढ्या काल्पनिक म्हणून टाकून दिल्या, आणि घराण्याच्या अभिमान्याने त्याच पिढ्या पूज्य म्हणून उराशी धरल्या. वरवर परस्परविरोधी दिसणाऱ्या या दोन्ही भूमिकांत एक गृहीत समान आहे. वंशावळ ही उगमाची साक्ष आहे, असे दोघेही मानतात. वस्तुतः वंशावळ ही आधी मागणी असते, आणि साक्ष ती त्या मागणीच्या सोयीपुरतीच होते. कोणता हक्क, कोणापुढे आणि कोणाविरुद्ध मागितला जात आहे, हे न पाहता केलेले वंशावळीचे वाचन अपुरे राहते. देवगिरी, वेरूळ आणि सिंदखेड या परस्परांपासून फार दूर नसलेल्या तीन स्थळांशी निगडित कुलकथांच्या आधारे हे विधान येथे तपासावयाचे आहे.

१

आरंभ शब्दांपासून करणे इष्ट होईल. कुलकथेत दोन शब्दसमूह एकत्र नांदतात. 'वंश', 'कुल', 'गोत्र', 'मूळपुरुष' हे उगम सांगणारे शब्द संस्कृत आहेत. उलट 'वतन', 'मिरास', 'वारस', 'हिस्सा', 'तक्षीम', 'महजर' हे हक्क सांगणारे शब्द अरबीतून फारसीच्या द्वारे मराठीत आले. त्यांपैकी 'मिरास' आणि 'वारस' हे एकाच अरबी धातूचे आहेत. मराठवाड्यातील इनामांच्या कागदांत सर्रास आढळणारा 'विरासत' हा शब्दही त्याच धातूचा.

संस्कृतात हक्कवाचक परिभाषा नव्हती, असा याचा अर्थ नव्हे. कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीत विज्ञानेश्वराने रचिलेल्या मिताक्षरेत 'दाय' आणि 'दायाद' यांचा सूक्ष्म विचार आहे. वडिलार्जित मालमत्तेत पुत्राचा अधिकार जन्मतःच उत्पन्न होतो, हा तिचा सिद्धांत तर आधुनिक न्यायालयांपर्यंत टिकला. 'दत्तक' हा शब्दही अढळ राहिला. परंतु दिवाणात आणि गोतसभेत दाद मागताना व्यवहाराची भाषा बदलली, आणि 'दाय' शास्त्रग्रंथांत राहिला. स्वकीय शब्दांची या क्षेत्रात काय गती झाली, याचे उत्तम उदाहरण म्हणजे 'भाऊबंदकी'. मूळ अर्थाने भाऊबंदांचे नाते सांगणारा हा शब्द आज केवळ हिश्शावरून होणाऱ्या कलहाचा वाचक उरला आहे. नात्याच्या शब्दावर वादाने पुरता ताबा मिळविल्याचे असे उदाहरण विरळा.

यावरून वाचनाचे एक सूत्र हाती येते. कुलकथा जेथे वंशाच्या भाषेतून वतनाच्या भाषेत उतरते, तो सांधा शोधावा. त्या सांध्यावरच लेखनाचा हेतू उघड होतो.

२

देवगिरीच्या यादवांची कुलकथा हेमाद्रीच्या 'चतुर्वर्गचिंतामणी'तील व्रतखंडाच्या राजप्रशस्तीत विस्ताराने आली आहे. चंद्रापासून यदूपर्यंत, यदूपासून कृष्णापर्यंत आणि द्वारकेहून दक्षिणेत आलेल्या दृढप्रहारापर्यंत ती चालते. यादवांच्या कोरीव लेखांतील 'द्वारावतीपुरवराधीश्वर' हे बिरुद याच कथेचे संक्षिप्त रूप होय. सेउणदेशाचे हे अधिपती दीर्घकाळ राष्ट्रकूटांचे व चालुक्यांचे सामंत होते. सामंताचा सार्वभौम होताना त्याला जुन्या स्वामींच्या तोडीचे कुल हवे असते, आणि ते या कथेने पुरविले.

परंतु याच घराण्यात प्रत्यक्ष वारशाचा तंटा उद्भवला, तेव्हा काय घडले? कृष्णदेवानंतर त्याचा भाऊ महादेव इ. स. १२६१ च्या सुमारास गादीवर आला. महादेवानंतर इ. स. १२७१ मध्ये त्याचा पुत्र आमण राजा झाला. पण कृष्णदेवाचा पुत्र रामचंद्र याने त्याला पदच्युत करून राज्य घेतले. या तंट्यात चंद्र, यदू किंवा दृढप्रहार यांचा काहीच उपयोग नव्हता. दोघेही चुलतभाऊ त्याच यदूचे वंशज. प्रश्न एवढाच होता की, थोरल्या भावाचा मुलगा श्रेष्ठ की शेवटच्या राजाचा?

येथे दूरस्थ पूर्वज आणि समीपस्थ पूर्वज यांतील कार्यभेद स्पष्ट होतो. दूरस्थ पूर्वज परक्यापुढे उभा करावयाचा असतो. तो प्रतिष्ठा देतो. समीपस्थ पूर्वज भाऊबंदापुढे उभा करावयाचा असतो. तो हिस्सा देतो. जो पूर्वज वादी आणि प्रतिवादी या दोघांचाही आहे, तो निवाड्यात मुका राहतो.

३

सिंदखेडच्या जाधवांनी देवगिरीच्या यादवांशी सांगितलेला संबंध या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. लखुजी जाधवराव हे निजामशाहीतील अग्रगण्य सरदार. इ. स. १६२९ मध्ये देवगिरीच्याच, म्हणजे तत्कालीन दौलताबादच्या किल्ल्यात पुत्रांसह त्यांची हत्या झाली. ज्या किल्ल्याच्या जुन्या स्वामींशी कुलकथेने नाते जोडले, त्याच किल्ल्यात सेवक म्हणून गेले असता हा घात झाला, हा योगायोग या कथेला करुण परिमाण देतो; पण त्याने कथेचे प्रामाण्य वाढत नाही. इ. स. १३१८ मध्ये हरपालदेवाच्या अंताबरोबर यादवांची सत्ता संपली. तेथपासून लखुजींपर्यंतचे तीन शतकांचे अंतर अस्सल कागदांनी भरून निघत नाही.

या अंतरावर पूल म्हणून पुष्कळदा आडनावाची व्युत्पत्ती पुढे केली जाते. 'यादव'चा 'जाधव' झाला, हे मान्य करण्यास हरकत नाही. आरंभीच्या यकाराचा जकार होणे मराठीत नियमित आहे. 'यव'–'जव' आणि 'यात्रा'–'जत्रा' ही उदाहरणे परिचितच आहेत. दकाराचा धकार मात्र तितका नियमित नाही. 'जादव' हे रूपही आढळते, आणि महाप्राणाचे स्पष्टीकरण निराळे द्यावे लागते. परंतु ध्वनिनियम पूर्णपणे जुळले, तरी त्यांनी सिद्ध होते ती शब्दाची परंपरा, रक्ताची नव्हे. जाधव हे आडनाव महाराष्ट्रात अनेक जातीजमातींत आहे. शब्द स्वामीकडून सेवकाकडे आणि गावाकडून रहिवाशाकडे जाऊ शकतो. व्युत्पत्तीला वारसदाखल्याचे काम सांगणे हा भाषाशास्त्राचा दुरुपयोग होय. रा. चिं. ढेरे यांनी भोसले घराण्याचे मूळ होयसळांकडे नेताना 'होयसळ' आणि 'भोसले' या नामांचा संबंध जोडला. त्यांच्या प्रतिपादनाचे बळ शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवाशी निगडित दैवतपरंपरेच्या पुराव्यात जितके आहे, तितके नामसाम्यात नाही, हे याच कारणाने लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

भोसल्यांच्या बाबतीत दूरस्थ आणि समीपस्थ पूर्वजांचा भेद अधिकच ठळक आहे. वेरूळच्या पाटिलकीशी या घराण्याचे नाव जोडलेले आहे. मालोजीराजांची गढी तेथे आजही दाखविली जाते. सिसोदे कुलाशी असलेला संबंध शहाजीराजांच्या आश्रयास असलेल्या जयराम पिंड्ये याच्या 'राधामाधवविलासचंपू'त येतो, म्हणजे इ. स. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी तो नव्याने शोधला गेला, हे मत टिकत नाही. कवींद्र परमानंदाचे 'शिवभारत' मात्र सूर्यवंशाचा निर्देश करून कथा मालोजींपासूनच सुरू करते. सभासदाने इ. स. १६९७ च्या सुमारास बखर लिहिली, तेव्हा गागाभट्टांनी वंशाचा शोध केल्याचे सांगून सिसोदे कुल राज्याभिषेकाच्या प्रसंगाशी घट्ट जोडले. मागणी पाहिली म्हणजे ही भिन्नता विसंगत वाटत नाही. अभिषेकाचा अधिकार हा शास्त्र्यांपुढे आणि तुल्यबळ मराठा सरदारांपुढे मागावयाचा होता. तेथे दूरस्थ पूर्वज अपरिहार्य होता.

त्यानंतर तीनच वर्षांनी, इ. स. १६७७ मध्ये, शिवाजीमहाराजांनी कर्नाटकाच्या स्वारीत सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांच्याकडे वडिलार्जित दौलतीचा अर्धा वाटा मागितला. या मागणीत सिसोद्यांना स्थान नव्हते, कारण व्यंकोजीराजेही तितकेच सिसोदे. तेथे आधार एकच, तो म्हणजे दोघांचे पिता शहाजीराजे. ज्या पुरुषाने सिंहासनासाठी शतकांपलीकडचा वंश प्रमाण मानला, त्यानेच वाट्यासाठी एका पिढीपलीकडे पाहिले नाही. वंशावळीची लांबी तिच्या सत्यावर नसून मागणीवर अवलंबून असते, याचा यापेक्षा निःसंदिग्ध पुरावा मिळणे कठीण.

४

व्यंकोजीराजांच्याच तंजावर शाखेने कुलकथेला पाषाणाचे रूप दिले. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर इ. स. १८०३ मध्ये सरफोजीराजे दुसरे यांच्या आज्ञेने कोरलेले मराठी भोसलेवंशचरित्र विस्ताराच्या दृष्टीने अद्वितीय आहे. अभ्यासकांनी त्याची ऐतिहासिक चिकित्सा पुष्कळ केली. पण एका गोष्टीकडे पुरेसे लक्ष दिले नाही. हे चरित्र कोरविणारा राजा स्वतः दत्तक होता. तुळजाजीराजांनी इ. स. १७८७ मध्ये मृत्यूपूर्वी त्यांना दत्तक घेतले. दत्तक मुलगा आपल्या जनकाचा एकुलता एक असल्याचा आक्षेप निघाला, पंडितांचे मत घेण्यात आले, आणि इंग्रजांच्या संमतीने तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह गादीवर बसले. पुढे पंडितांचे मत फिरले, आणि इ. स. १७९८ मध्ये सरफोजी राजे झाले. दुसऱ्याच वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. म्हणजे समीपस्थ पूर्वजाशी असलेले नाते वादग्रस्त आणि सत्ता हातची गेलेली, अशा अवस्थेत भिंतीवर दीर्घ वंश उमटला. राज्याची मागणी करण्यास जागा उरली नव्हती. स्मृतीवरचा हक्क तेवढा शिल्लक होता. या शिलालेखाच्या विस्ताराचे मर्म येथे आहे.

इंग्रजांनी पुढे साताऱ्याचे राज्य इ. स. १८४८ मध्ये, नागपूरचे १८५४ मध्ये खालसा केले, आणि १८५५ नंतर तंजावरची गादीही संपविली. भोसले हे वेरूळचे की उदेपूरचे, याची चौकशी करण्याची त्यांना गरज पडली नाही. औरस पुत्र नाही, एवढे पाहणे पुरेसे झाले. 'वंश' म्हणजे मूळचा वेळू. मोडणाऱ्याने त्याचे शेवटचे पेर तेवढे धरले.

५

येथे एक आक्षेप संभवतो. हक्काच्या दृष्टीने वंशावळ वाचली, तर समीपस्थ पिढ्या तरी विश्वसनीय मानाव्यात काय? रामराजाचे प्रकरण याचे उत्तर देते. इ. स. १७४९ मध्ये छत्रपती शाहूंच्या निधनानंतर ताराबाईंनी गुप्तपणे वाढविलेला आपला नातू म्हणून रामराजास पुढे केले, आणि तो सातारच्या गादीवर बसला. इ. स. १७५२ मध्ये त्याच ताराबाईंनी जेजुरीस, तो आपला नातू नव्हे, अशी शपथ वाहिली. तरीही रामराजा इ. स. १७७७ पर्यंत छत्रपती राहिला. आजीचे पहिले शब्द त्याला गादी देण्यास पुरले. दुसरे शब्द ती काढून घेण्यास पुरले नाहीत, कारण पेशव्यांना त्याची गरज होती. हक्क सांगणारा जितका महत्त्वाचा, तितकाच हक्क मानणाराही महत्त्वाचा असतो. वंशावळीच्या अभ्यासात या दुसऱ्या पक्षाची नोंद घेतल्याशिवाय कोणतीच पिढी विश्वसनीय वा अविश्वसनीय ठरविता येत नाही.

ताराबाईंच्या उल्लेखाने एक उणीवही दृष्टीस येते. मराठी वंशावळींत स्त्रिया जवळजवळ नाहीत. जाधव आणि भोसले ही दोन कुले ज्या एका व्यक्तीत एकत्र आली, त्या जिजाबाईंना वंशवृक्षात स्वतंत्र फांदी नाही. ही उणीव आता केवळ वाङ्मयीन राहिलेली नाही. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. मुली वगळून काढलेली वंशावळ आज घराण्याचा अभिमान सांगू शकेल. वारसांची यादी म्हणून ती सदोषच ठरेल.

संस्थानिकांचे तनखे १९७१ च्या घटनादुरुस्तीने संपले, आणि राजवंशाच्या नावाने राज्याकडे मागण्यासारखे काही उरले नाही. परंतु वंशावळ हा शब्द कचेरीतून गेला नाही. मराठवाड्यातील निजामकालीन दप्तरांतून कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हापासून जुन्या नोंदीतील पुरुषाशी आपले नाते दाखविणारी वंशावळ हजारो कुटुंबांना मांडावी लागली आहे. येथे मागणी करणारा सरदार नसून सामान्य शेतकरी आहे, आणि तो शोधतो तो पूर्वज राजा नसून जमीन कसणारा आहे. शतकानुशतके वंशावळी वर चढत राजसिंहासनाकडे गेल्या. त्या आता शेताच्या बांधाकडे उतरत आहेत. या मागणीचा निवाडा करणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम नाही. मात्र जुन्या नोंदीतील एक शब्द, एक आडनाव किंवा एक लेखनभेद कोणाच्या तरी मुलाबाळांचे भवितव्य ठरवू शकतो, अशा काळात 'नाम जुळले म्हणून नाते जुळले' आणि 'नाम जुळत नाही म्हणून नाते नाही' या दोन्ही उतावीळ अनुमानांपासून वाचकाला सावध करणे हे त्याचेच काम आहे. वंशावळ वाचताना तीत कोण आहे याबरोबरच ती कोणापुढे ठेवली आहे, हे विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली, तर अभिमान आणि अव्हेर या दोन टोकांमधील चिकित्सेची वाट मोकळी होईल.