आधी दुसरी वेलांटी

आपली वर्णमाला कंठापासून ओठांपर्यंतच्या उच्चारस्थानांप्रमाणे लावलेली आहे. ध्वनींची मांडणी म्हणून ती अपूर्वच. पण तिसरीत येऊनही वाचताना अडखळणाऱ्या मुलाला क, ख, ग, घ, ङ याच क्रमाने शिकवलं, तर पाच अक्षरांनंतर हाती काय लागतं? त्याच्या तोंडी कधीच नसलेला ‘खग’. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सिन बर्नसन यांनी आणि वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याच्या ‘क्वेस्ट’ या संस्थेने अक्षरांचे छोटे गट करून, सोबत स्वरचिन्हं देत वाचन शिकवलं. ही रीत जवळून न्याहाळण्याजोगी आहे.

नमुन्याला क, म, र, ल आणि काना घेऊ. काका, मामा, लाल, कमाल, शिवाय दिवसभर तोंडात असणारं ‘मला’. मूल थेट वाक्याला भिडतं: ‘कमला, काम कर.’ यात न शिकवलेलं एकही अक्षर नाही, म्हणून चित्र बघून अंदाज ठोकावा लागत नाही. वर्षानुवर्षं अंदाजावर तगलेल्या मुलाचा केवढा मान राखला आहे इथे!

आता ‘कमल’ ऐका. सुट्या क, म, ल या तिन्हींत ‘अ’ आहे. शब्द म्हणताना शेवटचा गळतो. जाणत्या बाई नियम सांगत बसत नाहीत. अक्षरं जवळ जवळ आणत म्हणवून घेतात आणि विचारतात, “असा शब्द ऐकलायस का रे?” मुलाचा कान आपणहून ‘अ’ गाळतो. (घरी वारली बोलत असतील, तर शब्द आधी कानांवरून जायला हवा.) मुलापाशी असलेलंच ज्ञान असं कामाला लावणं मला फार लोभस वाटतं.

सर्वांत सुंदर जागा वेलांटीची. बाराखडीत पहिली वेलांटी आधी येते. पण ‘कि’मध्ये खूण अक्षराच्या डावीकडे आणि तिचा आवाज मात्र अक्षरानंतर. म्हणून कान्यानंतर दुसरी वेलांटी घ्यावी. ती कान्यासारखीच उजवीकडे उभी राहते. शिवाय मराठी शब्दाच्या शेवटची वेलांटी सहसा दुसरीच, त्यामुळे काकी, मामी, माळी लगेच आवाक्यात येतात. ‘माळी’साठी एक ळ तेवढा वाढवायचा. आणि ‘मी’! स्वतःविषयी लिहिण्याची सोय एवढ्या लवकर करून देणारा क्रम किती समंजस!

घ-ध, भ-म यांतही तीच नजर: एक पक्का झाल्याशिवाय त्याचा जुळा गटात येत नाही. रफार तर खूप मागे. ‘सूर्य’मधला र उच्चारात ‘य’च्या आधी, लिहिताना ‘य’च्या डोक्यावर. पण तेव्हा मूल बिचकत नाही. खुणेची जागा आणि आवाजाची वेळ वेगळी असू शकते, हे पहिल्या वेलांटीने त्याला आधीच शिकवलेलं असतं.