अंगावरची चांदी आणि रंगमंचावरचे सोंग

काही वर्षांपूर्वी नाताळच्या सुमारास आमच्या धर्मग्रामात मुलांचा वेशभूषेचा कार्यक्रम झाला. विषय होता 'जगातील पारंपरिक वेशभूषा व अलंकार'. हेतू चांगला होता. परक्यांच्या संस्कृतीविषयी मुलांच्या मनात आदर निर्माण व्हावा, म्हणून धर्मभगिनींनी आणि शिक्षकांनी पुष्कळ मेहनत घेतली होती. एक मुलगी जपानी किमोनोत आली, एक मुलगा स्कॉटलंडचा चौकड्यांचा घागरा घालून आला, कोळीण आली, काश्मिरी फेरन आला. अगदी शेवटी 'आदिवासी' आला. कमरेला पानांचा झुबका, तोंडाला काजळी, डोक्यात कोंबड्याची पिसे, आणि तोंडाने काहीतरी अगम्य आरडाओरड. सभागृहात हशा पिकला, टाळ्याही पडल्या. आम्ही परीक्षक होतो. त्या मुलाला आम्ही उत्तेजनार्थ बक्षीस दिले.

दुसऱ्या रांगेत धडगावकडच्या एक पावरा आजी बसल्या होत्या. नातीला पाहायला आल्या होत्या. गळ्यात, दंडात, मनगटांत, कमरेला, पायांत, सर्वत्र चांदी. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी आपल्या बोलीत आम्हांला एवढेच विचारले, की तो शेवटचा मुलगा कोण झाला होता?

आम्हांला उत्तर देता आले नाही. ज्या नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार दर शंभरांत सुमारे ६९ माणसे आदिवासी आहेत, तिथे आम्ही आदिवासीचे सोंग काढले होते, आणि खरा वेश समोर बसून ते सोंग पाहत होता. त्या न दिलेल्या उत्तराची भरपाई म्हणून हा लेख लिहीत आहोत. पारंपरिक वेश व अलंकार यांचे रसग्रहण करावे कसे, हा त्याचा विषय. आमचीच चूक हा त्याचा आरंभ.

प्रथम दागिन्याकडे दागिना म्हणूनच पाहू. पावरा स्त्रीच्या गळ्यातली हासडी ही एक जाड, ताठ, चंद्रकोरीसारखी कडी. मध्ये भरीव, टोकांकडे निमुळती होत गेलेली. तिच्यावर जाळीचे नाजूक काम नसते, खडे नसतात. असलीच तर ठिपक्यांची ओळ, नागमोडी रेघ किंवा बारीक खाचा असतात. नाजूकपणालाच सौंदर्य मानणाऱ्या शहरी डोळ्यांना ती ओबडधोबड वाटते, आणि इथेच आपले पहिले परीक्षण चुकते. या दागिन्याची भाषा बारकाव्याची नाही. ती वजनाची, सलग रेषेची आणि मोकळ्या जागेची आहे. उन्हात काम करणाऱ्या सावळ्या मानेवर, गडद रंगाच्या चोळीवर ती एक रेघ दुरून, डोंगराच्या पलीकडच्या उतारावरूनही वाचता येते. कमरेचा कंदोरा आणि पायांतले वाळे यांना आवाजही असतो. पायवाटेने बाई येते आहे, हे दिसण्याआधी ऐकू येते. काचेच्या कपाटात ठेवलेल्या दागिन्यातून हा आवाज आणि ही चाल दोन्ही वजा झालेली असतात. पुण्यातील आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संग्रहालय वाचकांनी अवश्य पाहावे. परंतु तिथल्या प्रत्येक कडीभोवती एक मान, एक मनगट मनाशी कल्पून पाहावे, अशी आमची विनंती आहे.

दुसरी गोष्ट अशी, की 'आदिवासी वेश' नावाची एकच एक वस्तू अस्तित्वातच नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या आमच्या या लहानशा जिल्ह्यातसुद्धा ती नाही. अक्राणीच्या डोंगरातली पावरा स्त्री घेरदार घागरा नेसते. नवापूरकडची मावची वा कोकणी स्त्री शेतात वाकता यावे म्हणून लुगडे गुडघ्यापर्यंत आवरून नेसते. दागिन्यांची नावे गावागणिक बदलतात. जाणकार डोळ्यांना बाजारात नुसत्या पाहण्यावरून समोरची बाई कोणत्या समाजाची आहे हे कळते. वेश ही एक लिपी आहे. आम्ही तिच्यातली अक्षरे पुसून तिथे पाने आणि काजळी लावली होती.

आता तिसरी गोष्ट, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. ही चांदी नुसती शोभा नव्हे. ज्या घराला बँकेचा दरवाजा ठाऊक नव्हता, त्या घराची ती ठेव. पीक चांगले आले की चांदी अंगावर चढते. पाऊस दगा देतो, घरात आजार येतो, तेव्हा ती उतरते आणि सावकाराच्या पेटीत गहाण पडते. चांदी गेली, की पुढची पाळी जमिनीची. सावकारांच्या घशात गेलेल्या जमिनींसाठी १९७० नंतर शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी जी चळवळ उभारली, तिची पार्श्वभूमी हीच होती. आजही दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. परतल्यावर बाईच्या अंगावरची चांदी वाढली की घटली, यावरून ते वर्ष कसे गेले हे सांगता येते. घराचा ताळेबंद ती अंगावर वागवीत असते, आणि सारे गाव तो वाचीत असते.

आजींच्या गळ्यात रुपयांची एक माळही होती. इंग्रजी अमदानीतील चांदीचे रुपये, प्रत्येकाला कडी डकवून ओवलेले. १९४० पूर्वीच्या अशा एका रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, आणि त्यात शेकडा सुमारे ९२ भाग चांदी. १९४७ साली रुपया निकेलचा झाला आणि माळेत ओवण्याच्या लायकीचा उरला नाही. व्हिक्टोरिया राणी, एडवर्ड, पंचम जॉर्ज, सारे त्या माळेत उलटेसुलटे लटकत होते. नाणे दाखवून, ही प्रतिमा कोणाची, असे प्रभू येशूने विचारले होते. आजींना आम्ही तेच विचारले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, की ही माझ्या सासूची. राजाराणींची ओळख त्यांना कोणी करून दिलीच नव्हती. ज्या हातांनी ती माळ गळ्यात घातली, त्या हातांची प्रतिमा त्यांना त्या नाण्यांवर दिसत होती.

लूकच्या शुभवर्तमानातील दहा नाण्यांचा दाखला वाचकांना परिचित आहे. एक नाणे हरवताच ती स्त्री दिवा लावते, घर झाडते, कोपरान् कोपरा शोधते. एका नाण्यासाठी एवढा आटापिटा का, असा प्रश्न आम्हांला गुरुविद्यालयात पडला होता. ती नाणी तिच्या शिरोभूषणातली, लग्नाच्या वेळी मिळालेली असावीत, असे काही भाष्यकारांनी सुचविले आहे. हे निश्चितपणे सिद्ध झालेले नाही. परंतु धडगावच्या बाजारात माळेतला एक रुपया गळून पडला म्हणून वाटेची धूळ चिवडत बसलेली बाई ज्याने पाहिली आहे, त्याला ते पटायला फारसा वेळ लागत नाही.

आता घरचा आहेर. वेशाच्या बाबतीत आपल्या ख्रिस्तसभेचा भूतकाळ दोन्ही प्रकारचा आहे. १६०६ साली मदुराईला आलेले येशूसंघीय धर्मगुरू रॉबर्ट दि नोबिली यांनी संन्याशाची वस्त्रे परिधान केली. त्यावरून मोठा वाद झाला, आणि १६२३ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी त्यांच्या पद्धतीला मान्यता दिली. त्याच देशात, १७३६ साली, गोव्याच्या धर्मसमीक्षण न्यायासनाने नवख्रिस्ती कुटुंबांच्या कितीतरी देशी चालीरीतींवर बंदी घातली; त्यात पुरुषांचे धोतर आणि स्त्रियांची चोळी हीसुद्धा आली. पुढे १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविधीसंबंधीच्या दस्तऐवजात स्पष्ट केले, की श्रद्धेच्या मूळ तत्त्वांना बाध येत नसेल, तर ख्रिस्तसभा एकच साचा सर्वांवर लादू इच्छित नाही. निरनिराळ्या लोकसमूहांच्या गुणसंपदेचा ती आदर करते. वसईच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. सामवेदी आजीच्या लाल लुगड्याला शहरात हसणारे लोक त्यांच्याही घरच्यांनी पाहिलेले आहेत.

तथापि जे जुने तेच खरे, असेही आम्हांस म्हणावयाचे नाही. आफ्रिकेतील नामिबिया देशाच्या हेरेरो स्त्रिया आज जो घोळदार पायघोळ झगा आपला पारंपरिक वेश म्हणून अभिमानाने घालतात, तो मुळात एकोणिसाव्या शतकातील जर्मन मिशनऱ्यांच्या घरांतून आला. १९०४ ते १९०८ या काळात जर्मन सैन्याने त्यांच्या समाजाची भीषण कत्तल केली. तरीही त्यांनी तो झगा टाकला नाही. उलट त्याला आपले रंग दिले, आणि त्यावर गाईच्या शिंगांसारखे दोन टोकांचे शिरोवस्त्र बांधून त्याला पूर्णपणे आपलासा केला, कारण गुरेढोरे हेच त्यांचे वैभव. आमच्या कार्यक्रमातला तो चौकड्यांचा घागराही पाहा. १७४६ साली इंग्रजी कायद्याने डोंगराळ भागातील स्कॉटिश पुरुषांना तो वेश घालण्यास मनाई केली, ती १७८२ पर्यंत टिकली. तेव्हा वेश किती जुना, कुठून आला, हा खरा प्रश्न नव्हे. तो कोणी ठरवला, आणि घालणाऱ्याला तो घालण्याची व न घालण्याची मोकळीक आहे काय, हा खरा प्रश्न. डोंगरातली मुलगी शहाद्याच्या महाविद्यालयात पंजाबी पोशाख घालून जाते म्हणून हळहळणाऱ्या पाहुण्यांनी ती भरीव कडी पायांत घालून एकदा पाण्याचा हंडा चढावरून न्यावा, म्हणजे त्यांची हळहळ थोडी कमी होईल.

अक्कलकुवा तालुक्यातील काठीची होळी पाहायला हल्ली दूरदूरहून लोक येतात. मोरपिसांचे उंच टोप, कमरेला घुंगरू व वाळलेले दुधी भोपळे, अंगावर पांढरे ठिपके अशा वेशातील पुरुष रात्रभर नाचतात, आणि पहाटे होळी पेटते. छायाचित्रे सुंदर निघतात. पण ज्यांनी तो वेश घेतलेला असतो, त्यांनी त्याआधी काही दिवस व्रत पाळलेले असते. ते अनवाणी चालतात, जमिनीवर निजतात, ब्रह्मचर्य पाळतात. आपल्या प्रायश्चित्तकाळातच ही होळी येते, म्हणून आम्हांला हे विशेष जाणवते. व्रत न पाळता तो टोप डोक्यावर ठेवणे त्यांच्या दृष्टीने सोंगच ठरेल. मग आपल्या मोठ्या मिस्सांच्या वेळी, पाहुणे येणार म्हणून, मुलींना भाड्याचे पांढऱ्या धातूचे दागिने घालून अर्पणविधीच्या मिरवणुकीत पुढे उभे करणे, हे काय आहे? हा प्रश्न आम्ही आधी स्वतःला विचारला आहे.

पुढच्या वर्षी आम्ही स्पर्धा ठेवली नाही. आजींना व्यासपीठावर खुर्ची दिली आणि आपला एकेक दागिना सांगण्याची विनंती केली. नात शेजारी उभी राहून त्यांचे बोलणे मराठीत सांगत होती. कंदोरा देजाच्या वेळचा. वाळे दोनदा गहाण पडलेले आणि दोनदा सोडवलेले. माळ सासूची. सांगता सांगता त्यांनी गळ्यातल्या हासडीला हात लावला आणि म्हणाल्या, की ही पातळ आहे, नंतरची आहे. आईने दिलेली जड हासडी विकली, मोठ्या नातीला परिचारिकेच्या शिक्षणाला पाठवताना. फादरनी सांगितले होते.

ते फादर आम्हीच होतो. पुष्कळ वर्षांपूर्वी, नवे असताना, गळ्यात चांदी बांधून ठेवण्यापेक्षा मुलीला शिकवा, असे आम्ही त्या घराच्या ओसरीवर बसून सांगितले होते, आणि सांगून विसरूनही गेलो होतो. ती मुलगी आज रुग्णालयात नोकरी करते. घर तिच्यावर चालते. तेव्हा सल्ला चुकला, असे आजही म्हणवत नाही. आजींनीही तसे म्हटले नाही. त्यांनी फक्त गेलेल्या हासडीचे वजन सांगितले, तोळ्यांत, नेमके.

पण तो सल्ला देताना ती हासडी आम्ही नीट पाहिलीसुद्धा नव्हती. तिच्यावर ठिपके होते की नागमोडी रेघ, हे आज आम्हांला सांगता येणार नाही.