एकतीस सूचना आणि पाण्याची बाटली

२०२२ च्या दिवाळीत याच पुरवणीत मी क्रूझच्या प्रवासावर एक लेख लिहिला होता. बरोबर काय न्यावे, काय नेऊ नये, खोली कोठे घ्यावी, पैसे कोठे वाचवावेत, अशा क्रमवार एकतीस सूचना त्यात होत्या. काही वाचकांनी तो कापून ठेवल्याचे कळले. गणपतीच्या कार्यक्रमात एका काकूंनी मुद्दाम बाजूला घेऊन सांगितले, "तुमच्या यादीमुळे इस्त्री घरी ठेवली, नाहीतर जहाजावर काढूनच घेतली असती." मी अर्थातच सुखावलो. त्या लेखाचे परीक्षण मात्र कोणी केले नाही. तेव्हा ते आता मीच करतो. लेख वाईट होता.

तो चुकीचा होता असे मी म्हणत नाही. एकतीसपैकी एकही सूचना तपशिलाने खोटी नव्हती, आणि खरी अडचण तीच आहे. अशा लेखनाचा आपल्याकडे आता एक ठरावीक साचा झाला आहे. दिवाळी अंकांत, स्मरणिकांत, परदेशातल्या मंडळांच्या अंकांत तो सर्वत्र भेटतो. सुरुवातीला 'क्रूझ म्हणजे तरंगते शहर', मग याद्या, मग बुफेतल्या पदार्थांची मोजदाद, आणि शेवटी लोणच्याची बाटली न्यावी की नाही यावर एक खुसखुशीत परिच्छेद. सगळी क्रियापदे आज्ञार्थी: घ्या, न्या, टाळा, विसरू नका. लिहिणारा एकदा किंवा दोनदा जाऊन आलेला असतो, पण त्याचे स्वतःचे काय झाले याचा पत्ता त्या लेखात लागत नाही.

माझी सूचना क्रमांक सतरा अशी होती: 'खोलीतल्या बाटल्यांना हात लावू नका. त्यांचे बिल लागते.'

२०२४ च्या जूनमध्ये आईबाबा तीन महिन्यांसाठी ब्राउनश्वाइगला आले होते. त्यांना घेऊन आम्ही कीलहून नॉर्वेच्या फ्योर्डांकडे जाणाऱ्या जहाजावर चढलो. आई तेव्हा त्र्याहत्तर वर्षांची होती आणि रक्तदाबासाठी लघवी जास्त होणारी गोळी घेत होती. मुलाचा छापून आलेला लेख तिने विमानातच दोनदा वाचला होता, आणि मुलाने लिहिले म्हणजे ते पाळायचे, हा तिचा हिशेब. खोलीत टेबलावर पाण्याच्या दोन बाटल्या होत्या, गळ्यात किमतीची चिठ्ठी अडकवलेल्या. तिने हात लावला नाही. जहाजावर समुद्राच्या पाण्यातले मीठ काढून पिण्याचे पाणी तयार करतात आणि न्हाणीघरातल्या नळालाही सहसा तेच येते. पण न्हाणीघरातले पाणी प्यायचे, हे तिच्या पिढीतल्या बाईला सांगितल्याशिवाय सुचणार नाही, आणि मी सांगितले नव्हते. जेवणघरात पाणी फुकट होते. मळमळ सुरू झाल्यामुळे ती जेवणघरात आलीच नाही. "तुम्ही जा, मला भूक नाही," म्हणाली. आम्ही गेलो. फ्योर्ड पाहिला, फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती खोलीच्या दारात कोसळली. जहाजाच्या डॉक्टरने सलाइन लावले, गोळी दोन दिवस बंद केली, आणि मला विचारले, शेवटचे पाणी कधी प्यायल्या? आईने मराठीत उत्तर दिले, "बिल लागतं ना." मी त्याचे जर्मन भाषांतर केले नाही.

माझ्या कामात, म्हणजे गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रत्येक आवश्यकतेच्या शेजारी 'कारण' असा एक रकाना असतो. तो रिकामा ठेवून दस्तऐवज पुढे पाठवला तर नवशिक्यालाही परत पाठवतात. मी या शहरात डॉक्टरेट केली, वीस वर्षे हाच व्यवसाय केला, आणि मंडळाच्या अंकासाठी लिहायला बसताच तो रकाना विसरलो. 'बिल लागते, म्हणून त्याऐवजी अमुक ठिकाणचे पाणी प्या' असे एक वाक्य पुढे हवे होते.

तीच गत क्रमांक चारची: 'खोली जहाजाच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर घ्या.' बरोबर आहे. पण का? जहाज लाटेवर लांबीच्या दिशेने सी-सॉसारखे हलते. मध्याजवळ वरखाली होणे कमी, टोकांना जास्त. आणि माणसाला सर्वांत जास्त मळमळवते ते साधारण ०.२ हर्ट्‌झचे, म्हणजे दर पाच सेकंदांनी एकदा वरखाली होण्याचे हेलकावे. त्यात कान सांगतात की आपण हलतो आहोत, आणि जवळच्या वस्तूवर खिळलेले डोळे सांगतात की नाही. एवढे लिहिले असते तर आईला कळले असते की बिनखिडकीच्या खोलीत (क्रमांक सहा, स्वस्त पडते!) क्रोशाचे विणकाम करीत बसणे हा सर्वांत वाईट उपाय आहे, आणि मधल्या मजल्यावर डेकवर जाऊन क्षितिजाकडे पाहत राहणे हा चांगला. नुसत्या सूचनेतून वाचकाला एकच प्रसंग निभावता येतो. कारण माहीत असले तर न लिहिलेले चार प्रसंगही त्याचे तो निभावतो.

घरी परतल्यावर आई बरी झाली, आणि एका रविवारी आम्ही तिला माग्नी दफनभूमीत नेले. भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना आपण सारेच तेथे लेसिंगची कबर दाखवायला नेतो. तेथेच फ्रीडरिश गेर्स्टेकरचीही कबर आहे. तिच्यापाशी मी आजवर कधी थांबलो नव्हतो. हा माणूस १८१६ साली हाम्बुर्गला जन्मला, वाढला ब्राउनश्वाइगमध्ये, आणि १८३७ साली एकवीस वर्षांचा असताना जहाजाने अमेरिकेला गेला. सहा वर्षे तेथे मिळेल ते काम केले. बोटीवर भट्टी पेटती ठेवली, शिकार करून पोट भरले. तेथून तो आईला आपली रोजनिशी पाठवीत असे. आईने ती एका संपादकाला दिली, त्याने छापली, आणि १८४३ साली परतल्यावर गेर्स्टेकरला कळले की आपण लेखक झालो आहोत.

पुढे १८४९ साली, जर्मनीतून माणसांची रीघ अमेरिकेकडे लागली असताना, त्याने स्थलांतरितांसाठी एक छोटे पुस्तक काढले. नावाचा अर्थ साधारण असा: अमेरिकेत नेमके आहे तरी कसे? त्याच्या लांबलचक उपशीर्षकात दोन गोष्टींचे आश्वासन आहे. एक, तेथे निभाव लागण्यासाठी माणसाने काय करायचे. दुसरी, त्या बदल्यात त्याने कशाची अपेक्षा ठेवायची. त्या दुसऱ्या अर्ध्यावर मी अडकलो. आपल्या लेखांत पहिला अर्धा भाग भरभरून असतो. दुसऱ्या भागाच्या जागी बुफे असतो. जमीनजुमला विकून निघालेल्या शेतकऱ्याला 'गरम कपडे घ्या' एवढे सांगून चालत नाही, हे ज्याने स्वतः बोटीची भट्टी सांभाळली त्याला ठाऊक होते.

(हा गेर्स्टेकर १८७२ साली ब्राउनश्वाइगमध्येच वारला, तेव्हा भारत, चीन आणि जपानच्या प्रवासाची तयारी करीत होता. आपल्याकडे येऊन त्याने काय लिहिले असते, याचे मला उगाच कुतूहल आहे.)

मराठीतही या दुसऱ्या अर्ध्याची परंपरा आहे, आणि ती आपण विसरलो याचे मला जास्त वाईट वाटते. १८८३ च्या एकाच एप्रिल महिन्यात दोन मराठी स्त्रिया समुद्र ओलांडायला निघाल्या. ७ एप्रिलला कलकत्त्याहून आनंदीबाई जोशी अमेरिकेकडे, आणि २० एप्रिलला मुंबईहून पंडिता रमाबाई इंग्लंडकडे, नुकतीच दोन वर्षांची झालेली मनोरमा बरोबर घेऊन. निघण्यापूर्वी, २४ फेब्रुवारीला, आनंदीबाईंनी श्रीरामपूरच्या कॉलेजात भाषण केले. लोक जे प्रश्न विचारून त्यांना हैराण करीत होते तेच त्यांनी एकेक करून घेतले: कशाला जाता, येथे शिकता येत नाही का, एकट्या का जाता, परतल्यावर जातीबाहेर टाकले तर काय. आज कोणाला जातीबाहेर टाकण्याची भीती नाही. पण आपल्यासमोर बसलेल्या माणसाच्या मनातला खरा प्रश्न ओळखून त्याला उत्तर द्यायचे, ही रीत तेथे दिसते. रमाबाईंचा 'इंग्लंडचा प्रवास' तर सदाशिव पांडुरंग केळकरांना लिहिलेले पत्रच आहे. पत्राला एक वाचणारा असतो. त्याला काय माहीत आहे आणि काय नाही, हे लिहिणाऱ्याला सतत आठवावे लागते. यादीला तसा कोणी नसतो. माझ्या यादीचा मनातला वाचक मी स्वतःच होतो: चाळिशीतला, निरोगी, जर्मन येणारा, नळाचे पाणी पिणारा.

इंग्रजीत या विषयावरचे सर्वांत गाजलेले लेखन डेव्हिड फॉस्टर वॉलेसचे. १९९५ साली तो सात रात्रींच्या कॅरिबियन क्रूझवर गेला, आणि १९९६ साली त्याचा लांबलचक निबंध 'हार्पर्स' मासिकात आला. त्यात जहाजाचे 'झेनिथ' हे नाव बदलून त्याने 'नेडिर' केले, म्हणजे शिरोबिंदूचा अधोबिंदू. नऊ वर्षांच्या मुलीकडून बुद्धिबळात हरल्याची हकीकत त्यात आहे, आणि सतत लाड करून घेताना माणसाला वाटू लागणारी उदासीही आहे. निबंध अप्रतिम आहे. पण तो एकटा गेला होता. त्याच्याबरोबर म्हातारी आई नव्हती, आणि म्हणून त्याला उदास व्हायला वेळ मिळाला, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

आणखी दोन सूचनांचा हिशेब द्यायचा आहे. क्रमांक नऊमध्ये मी लिहिले होते की सुरक्षा-कवायत 'लवकर उरकून घ्या, म्हणजे डेकवर चांगली जागा मिळते'. हे वाक्य आठवले की मला लाज वाटते. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉनकॉर्डिया' कलंडले आणि बत्तीस माणसे गेली. त्यात नव्याने चढलेल्या प्रवाशांची कवायत तोवर झालीच नव्हती. तेव्हापासून आंतरराष्ट्रीय नियम बदलला: २०१५ पासून कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी झालीच पाहिजे. कीलला आमच्या गटात बहुतेकजण गप्पा मारीत उभे होते. आई एकटी नीट ऐकत होती, भाषा कळत नसताना. सात आखूड भोंगे आणि एक लांब, हे तिने बोटांवर मोजून घेतले. जाकीट तर ती काढायलाच तयार नव्हती. तिचे माहेर अलिबागकडचे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यांत तिचे मोठे मामा होते. ती त्यानंतर जन्मली. पण त्या घरात पावसाळ्यात बोटीने कोणी गेले नाही, आणि आषाढी अमावास्येला तिच्या आजीने कधी गोडधोड केले नाही. हे मला चाळीस वर्षांत ठाऊक नव्हते. जाकिटाचे बंद सोडवताना कळले.

दुसरी सूचना बक्षिशीची. काही जहाजांवर रोज ठरावीक रक्कम बक्षीस म्हणून बिलात धरतात आणि काउंटरवर जाऊन सांगितले तर ती काढून टाकता येते. मी ही युक्ती 'पैसे वाचवा' या मथळ्याखाली दिली होती. आईला खोलीत लिंबू-मीठ-साखरेचे पाणी आणून देणारा मुलगा मराठी निघाला. "कुठला रे बाळा तू?" "वेंगुर्ल्याचा, काकू." मग काय, त्याच्या घरची सगळी माहिती दहा मिनिटांत. तो सात महिन्यांपासून जहाजावर होता, मुलीचा पहिला वाढदिवस फोनवर पाहिला होता. कायद्याने खलाशाला चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळावी लागते, म्हणजे चौदा तास काम कायदेशीर आहे. मी हे आकडे नंतर वाचले. ज्या पैशांचा उल्लेख मी 'वाचवा' म्हणून केला, ते कोणाचे, याचा त्या लेखात मागमूस नव्हता.

काही सूचनांना मात्र मी अजून धरून आहे. आईबाबांच्या शेंगेन व्हिसावर 'एकदाच प्रवेश' असेल तर मार्गात ब्रिटन किंवा स्वालबार्ड आहे का, हे आधी पाहावे. नॉर्वे शेंगेनमध्ये आहे, पण स्वालबार्ड नाही. तेथे उतरले की शेंगेनमधून बाहेर पडल्यासारखे होते, आणि परत येताना दुसरा प्रवेश लागतो. ही सूचना कारणासह दिली होती, बहुधा तेव्हा कॉफी नुकतीच घेतली असावी.

गेल्या महिन्यात मावशी मुंबईहून गोव्याला क्रूझने जायची ठरली. तिने माझा लेख मागितला. मी पाठवतो म्हणालो आणि पाठवला नाही. आईने तिला फोन केला. मी पलीकडच्या खोलीत होतो. "हे बघ, पहिल्या दिवशी मी पाणीच प्यायले नाही, मला वाटलं पैसे पडतात," असे सुरू झाले आणि पाऊण तास चालले. चक्कर कशी आली, सलाइन लावताना डॉक्टरचे हात किती गार होते, वेंगुर्ल्याच्या मुलाने लिंबू कुठून आणले, गोळीबद्दल आपल्या डॉक्टरला निघण्यापूर्वीच का विचारायचे, रात्री दिवा कुठे सापडत नाही. मध्येच मावशीने काहीतरी विचारले असावे. आई म्हणाली, "नाही गं, लोणचं नेऊन काही उपयोग नाही, झाकण घट्ट बसतं आणि उघडायला कोणी नसतं. तू टॉर्च ने."