हाक आणि गाणे

यॉडेल म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांना किशोरकुमार आठवतो. गळ्याची ती गमतीची कोलांटउडी त्याच्याकडे परदेशी तबकड्यांच्या वाटेने आली. पण स्विस आल्प्समधल्या गुराख्यांचे यॉडेल ही गंमत नव्हे. ती हाक आहे, आणि तिच्याकडे हाक म्हणूनच पाहिले पाहिजे, असे मला वाटते.

छातीतला आवाज एका झटक्यात मस्तकात न्यायचा आणि तितक्याच झटक्यात खाली आणायचा, हे यॉडेलचे तंत्र. आपला गवई दोन सुरांमधला सांधा मींडेने बुजवतो. यॉडेल गाणारा तो सांधा मिरवतो. अस्सल यॉडेलला शब्द नसतात. ते बरोबरच आहे. दरीपलीकडे शब्द पोचत नाहीत, सूर पोचतो.

त्याचे भावंड म्हणजे आल्पहॉर्न. सुमारे साडेतीन मीटर लांबीचे हे लाकडी शिंग. त्याला ना छिद्रे, ना पडदे. निसर्गाने नळीत जे सूर घातले, तेवढेच त्यातून निघतात. त्यांतला अकरावा सूर मोठा नाठाळ आहे. तो शुद्ध मध्यमही नाही आणि तीव्र मध्यमही नाही. दोहोंच्या जवळजवळ मधोमध बसतो. पियानोला तो बेसूर वाटतो. श्रुतींचा विचार करणाऱ्या आपल्या कानांना मात्र त्याची नवलाई कळावी. पेटीच्या पट्ट्यांत न मावणारे सूर आपल्यालाही ठाऊक आहेत. मुओटाटालच्या खोऱ्यातल्या जुन्या यॉडेलमध्येही असे आडवळणी सूर ऐकू येतात.

ही परंपरा अनादी काळापासून अखंड चालत आली, असे पर्यटकांना सांगतात. ते अर्धेच खरे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आल्पहॉर्न मागे पडत चालले होते. १८०५ साली उन्स्पुनेन येथे जो मोठा उत्सव झाला, त्यामागे बर्नच्या शहरी मंडळींचा हात होता. रुसलेल्या डोंगरी प्रजेशी त्यांना समेट करायचा होता. पुढे बर्नचे नगराध्यक्ष म्युलिनेन यांनी शिंगे करवून घेतली, आणि ग्रिंडेलवाल्डला ती वाजवायला शिकवण्याची कामगिरी संगीतकार फेर्डिनांड हूबर यांच्यावर सोपवली. १९१० साली यॉडेल गाणाऱ्यांचा देशव्यापी संघ निघाला. वृंदगायन, लिहिलेली स्वररचना, स्पर्धा, परीक्षक असा सारा संसार उभा राहिला.

या संघाचे ऋण मोठे आहे. त्याच्यावाचून गाणारे गळे किती उरले असते, कोण जाणे! तथापि माझी तक्रार आहे, आणि ती लहान नाही. चार आवाजांच्या गोड मेळात तो नाठाळ मध्यम बसेना, म्हणून त्याला सरळ करण्याकडे कल झाला. गाणे वाचले, पण त्याची धार बोथट झाली. दरीला मारलेली हाक परीक्षकांना ऐकवायची म्हटल्यावर दुसरे काय होणार?

याच्या उलट कॅथलिक डोंगराळ भागातला ‘बेटरूफ’ पाहा. संध्याकाळी गुराखी कुरणावर उभा राहतो, दूध गाळण्याचे लाकडी नरसाळे तोंडाशी धरतो आणि माणसे-गुरे रात्रभर सुखरूप राहोत अशी प्रार्थना पुकारतो. आवाज जाईल तिथवर रक्षण, ही त्यामागची श्रद्धा. किंवा ॲपेनझेलमधले उर्नेश गाव घ्या. तिथे ३१ डिसेंबरला आणि जुन्या पंचांगाप्रमाणे १३ जानेवारीला मुखवटे घातलेले, घंटा बांधलेले लोक दारोदार जाऊन शब्दाविना यॉडेल गातात आणि घरच्यांना नव्या वर्षाच्या शुभेच्छा देतात. इथे सौंदर्य आहे, पण ते मागून आले आहे. आधी गरज आहे.

रूसोने १७६८ च्या संगीतकोशात गायी बोलावण्याच्या स्विस गाण्याबद्दल लिहिले आहे. ते ऐकून परमुलखातले स्विस शिपाई रडत, पळून जात, म्हणून पलटणीत त्याला बंदी होती, असे तो सांगतो. यातला दंतकथेचा भाग सोडून देऊ. रूसोचा खरा मुद्दा पुढचा आहे: परक्याला त्या सुरांत काहीच जाणवत नाही, ती किमया संगीताची नसून आठवणीची आहे.

इथे मात्र मी रूसोशी पुरता सहमत नाही. आठवण कशाला तरी धरून राहते, आणि इथे ती त्या वेड्यावाकड्या सुरालाच धरून राहिलेली आहे. २०१८ पासून ल्युसर्नच्या संगीत विद्यालयात यॉडेल हा अभ्यासाचा विषय झाला आहे. आनंदाची गोष्ट आहे. तिथल्या गुरुजनांनी शिष्यांना सारे काही शिकवावे. फक्त तो अकरावा सूर तेवढा सुधारू नये.